आवाजाचा पोशाख

डॉ. हम्फ्री बेट हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, कॅस्टेलियन स्प्रिंग्ज नावाच्या खेड्यात दवाखाना चालवणारे डॉक्टर. रीतसर वैद्यकीय पदवी घेतलेले, स्पेनविरुद्धच्या युद्धात सैन्याबरोबर जाऊन आलेले, आणि माउथ ऑर्गनवर विलक्षण हात बसलेले. १९२५ साली नॅशव्हिल शहरात रेडिओ केंद्रं सुरू होऊ लागली, तेव्हा तिथे गावाकडच्या जुन्या चाली वाजवणाऱ्या अगदी पहिल्या मंडळींत त्यांचा ताफा होता. तेरा वर्षांची मुलगी अल्सायोनी पियानोवर साथ करायची. या ताफ्याची सुरुवातीची छायाचित्रं पाहिली तर सगळे कोट-टायमध्ये, भांग नीट पाडलेले. एखाद्या बँकेच्या संचालक मंडळाने वर्षाअखेरीस काढून घेतलेला फोटो वाटावा. पुढच्या काही वर्षांतली छायाचित्रं पाहावीत, तर माणसं तीच, पण अंगात ओव्हरऑल, डोक्यावर चेपलेल्या टोप्या, मागे शेत आणि पायाशी शिकारी कुत्रं. ताफ्याचं नावही बदललेलं: ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे रात्री कुत्री घेऊन रानात पॉसमची शिकार करणारे.

डॉक्टरांचा दवाखाना तसाच चालू होता. त्यांच्या आयुष्यात काहीच बदललं नव्हतं, बदललं होतं ते फक्त छायाचित्र.

कंट्री संगीताच्या रेडिओयुगाची छायाचित्रं प्रदर्शनाच्या भिंतीवर असोत की पुस्तकाच्या पानावर, त्यांत आधी कपडे पाहावेत असं मला वाटतं. वाद्यं आणि चेहरे नंतर. ही छायाचित्रं म्हणजे जुन्या ग्रामीण अमेरिकेचा आरसा, असं सहज मानलं जातं. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळशी रेडिओ केंद्रांनी मुद्दाम काढून घेतलेली, छापून वाटलेली आणि विकलेली आहेत. ज्याचा आवाज दर शनिवारी रात्री घरात येतो, तो माणूस दिसतो कसा, हे ऐकणाऱ्याला जाणून घ्यायचं होतं. केंद्रांनी ते दाखवलं, पण आपल्याला हवं तसं.

बेट यांच्या ताफ्याचं नाव आणि रूप ज्याच्या कल्पनेतून बदललं, तो जॉर्ज डी. हे आधी मेम्फिसमध्ये वार्ताहर होता. वर्तमानपत्रातून तो रेडिओवर आला, शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावर निवेदक झाला आणि १९२५च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमवर रुजू झाला. वय तिशीचं, पण स्वतःला ‘सॉलेम ओल्ड जज’, गंभीर म्हातारा न्यायाधीश, म्हणवून घ्यायचा आणि लाकडी शिट्टी वाजवून कार्यक्रमाला सुरुवात करायचा. म्हणजे सोंगाची सुरुवात त्याने स्वतःपासूनच केली होती. डब्ल्यूएसएम हे केंद्र एका विमा कंपनीचं. नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट इन्शुरन्स कंपनी कष्टकऱ्यांना छोट्या रकमेचे विमे विकायची आणि तिचे एजंट दर आठवड्याला दारोदार फिरून काही सेंटचे हप्ते गोळा करायचे. कंपनीच्या कचेरीत पाचव्या मजल्यावर ५ ऑक्टोबर १९२५ रोजी स्टुडिओ सुरू झाला. २८ नोव्हेंबरच्या रात्री हेने सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्प्सनला मायक्रोफोनपुढे बसवलं. पुतणी पियानोवर साथीला होती. म्हातारा तासभर फिडल वाजवत राहिला आणि आपल्याला हजार चाली येतात असं सांगत राहिला. तारा आणि पत्रं यायला लागली. हेला जे हवं होतं ते सापडलं.

नॅशव्हिलच्या प्रतिष्ठितांना मात्र हे रुचलं नाही. हे शहर स्वतःला दक्षिणेचं अथेन्स म्हणवून घ्यायचं, आणि त्यासाठी त्याने पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृतीसुद्धा उभारली होती. अशा शहराची ओळख फिडल आणि बँजोने व्हावी, हे त्यांना लाजिरवाणं वाटे. कंपनीचा हिशेब वेगळा होता. विम्याचा एजंट ज्या दारावर थाप मारणार होता, त्या दारामागे हीच गाणी ऐकली जात होती. पुढे प्रेक्षक यायला लागले, तेव्हा कार्यक्रमाची फुकट तिकिटंही याच एजंटांच्या हातून वाटली गेली. १९२७च्या डिसेंबरात, नेटवर्कवरचा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम संपता संपता, हेने आपल्या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव देऊन टाकलं. सोबत ताफ्यांचीही बारशी झाली: गली जंपर्स, फ्रूट जार ड्रिंकर्स, डिक्सी क्लॉडहॉपर्स. नाव ऐकून वाटावं की मंडळी ओढ्यानाल्यांतून थेट उठून आली आहेत. गली जंपर्सचा प्रमुख मोटार मेकॅनिक होता आणि क्लॉडहॉपर्समधले बिंक्ली बंधू घड्याळं दुरुस्त करत. शहरात मजुरी-कारागिरी करून पोट भरणारी, गाव सोडून एखादीच पिढी झालेली ही माणसं होती. त्यांच्या संगीतात काहीही खोटं नव्हतं. पण कारखान्यातून घरी परतलेला, संध्याकाळी फिडल काढून बसलेला कामगार कसा दिसतो, हे त्या छायाचित्रांतून आपल्याला कधीच कळत नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

हेने हे शिक्षण शिकागोत घेतलं होतं. सीअर्स-रोबक या टपालाने माल विकणाऱ्या बलाढ्य कंपनीने १९२४च्या एप्रिलमध्ये डब्ल्यूएलएस सुरू केलं आणि आठवडाभरातच त्यावर ‘बार्न डान्स’ वाजू लागला. १९२८ मध्ये केंद्र ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या नियतकालिकाकडे गेलं. टपाल आणि छपाई ही दोन्ही अंगं या केंद्राच्या हाडीमांसी होती. १९३० पासून ते दरवर्षी ‘फॅमिली अल्बम’ छापू लागलं. गायक, वादक, निवेदक, त्यांची बायकामुलं, अशी सगळ्यांची छायाचित्रं त्यात असत आणि श्रोते पैसे पाठवून तो मागवत. नाव ‘फॅमिली अल्बम’, आणि तो घरी ठेवलाही जायचा तसाच. ब्रॅडली किनकेड नावाचा केंटकीचा तरुण शिकागोत शिकता शिकता तिथे डोंगरी गाणी गाऊ लागला. १९२८ साली निघालेल्या त्याच्या गीतपुस्तिकेच्या लाखावर प्रती खपल्या. किनकेडला ‘हिलबिली’ हा शब्द मनापासून नापसंत होता. आपण गातो ती गाणी आईवडिलांकडून आलेली आहेत, ती अडाण्यांची गंमत नाही, असं तो ठणकावून सांगायचा.

त्याच केंद्रावर जॉन लेअर या निर्मात्याने लिंडा पार्कर घडवली. डोक्यावर सनबॉनेट, अंगात चौकड्यांचा सुती झगा, हातात गिटार, आणि ओळख केंटकीच्या डोंगरातली साधी मुलगी अशी. प्रत्यक्षात ती इंडियानातली जीन म्युनिक. शिकागोजवळच्या औद्योगिक वस्तीत तिने आधी गाऊन नाव कमावलं होतं. श्रोत्यांनी तिच्यावर जीव लावला. १९३५ मध्ये ऐन तारुण्यात ती आजारपणात गेली, तेव्हा हजारो घरांत दुःख झालं असेल ते लिंडाचं. जीनला त्यातलं कोणीच ओळखत नव्हतं. तिची ती सनबॉनेटमधली छायाचित्रं पाहताना माझं मन दर वेळी अस्वस्थ होतं. त्या चेहऱ्यावर कुठेही नाटकीपणा नाही. ती खरोखर गोड हसते आहे.

सोंग कधी कधी किती लवकर अंगाला चिकटायचं, याचं एक उदाहरण बोस्टनचं आहे. १९३५ साली किनकेडच्या पहाटेच्या कार्यक्रमात लुई मार्शल जोन्स हा बावीस वर्षांचा मुलगा साथ करायचा. रात्री दूरच्या गावचे जलसे आटोपून पहाटे स्टुडिओत पोचलेला, त्यामुळे आवाज थकलेला आणि चिडचिडा. कोण हा म्हातारा, अशी श्रोत्यांची विचारणा झाली. किनकेडने त्याला ‘ग्रँडपा’ नाव दिलं, पायात घालायला जुनेपुराणे बूट दिले. मिशा खोट्या लावल्या. ग्रँडपा जोन्सने पुढे सगळं आयुष्य त्याच वेषात काढलं. वय वाढत गेलं तसं सोंग खरं होत गेलं आणि शेवटी खोट्या मिशांची गरज उरली नाही. आवाज ऐकून श्रोत्यांनी जे चित्र मनात रेखाटलं, ते पुढे एका माणसाने पन्नासहून अधिक वर्षं जगून दाखवलं.

या सगळ्याला बळ होतं ते तंत्राचं. १९३२ साली डब्ल्यूएसएमची ताकद ५० हजार वॉट झाली आणि नॅशव्हिलच्या दक्षिणेला ब्रेंटवुडमध्ये ८७८ फुटांचा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा मनोरा उभा राहिला. ६५० किलोहर्ट्झची ही लहर सरकारने रात्रीच्या वेळी एकट्या याच केंद्रासाठी राखून ठेवली होती. सूर्य मावळला की मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून शेकडो मैलांवर उतरतात. त्यामुळे शनिवारी रात्री हे केंद्र फ्लॉरिडापासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत लागायचं. त्या काळात शेतावरच्या दहापैकी जवळजवळ नऊ घरांत वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालायचे, आणि बॅटरी आठवडाभर जपून शनिवारसाठी ठेवली जायची. कित्येक कुटुंबं मोटारीची बॅटरी काढून रेडिओला जोडत. ज्याच्याकडे संच, त्याच्या ओसरीवर आजूबाजूची चार घरं जमत. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारच्या फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने गावोगाव छायाचित्रकार पाठवले. त्यांच्या चित्रांत वर्तमानपत्रांनी लिंपलेल्या भिंती आहेत, त्या भिंतींपुढे मांडलेला रेडिओ आहे, आणि घरातली चांगली जागा त्यालाच दिलेली आहे. केंद्रांच्या छापील अल्बमशेजारी ही चित्रं लावावीत. एकीकडे गरिबीचा वेष घातलेले गायक, दुसरीकडे खरी गरिबी. या दुसऱ्या बाजूच्या माणसांनी पहिल्या बाजूच्या माणसांची चित्रं पैसे खर्चून मागवली होती.

शनिवारचा झगमगाट हा धंद्याचा छोटासा भाग. खरं कष्टाचं काम पहाटेचं. पाच-साडेपाचला, दूध काढायच्या वेळी, पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असे. केंद्र पैसे फार थोडे देई, बहुतेकदा देतच नसे. बदल्यात गायकाने आज रात्री कुठल्या शाळेत, कुठल्या गावच्या सभागृहात जलसा आहे ते सांगून घ्यायचं. मग दिवसभर मोटार हाणायची, वाद्यं टपाला बांधायची, रात्री गायचं, मध्यंतरात स्वतःचे फोटो आणि गीतपुस्तिका विकायच्या आणि पहाटेपर्यंत पुन्हा स्टुडिओ गाठायचा. आसपासची सगळी गावं करून झाली आणि गर्दी रोडावली की बिऱ्हाड उचलून पुढच्या केंद्रावर. जाहिरातदार पिठाचे, सारकाचे, तऱ्हेतऱ्हेच्या औषधी पाण्यांचे. १९५३ पासून लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज हे डब्ल्यूएसएमवर मार्था व्हाइट पिठासाठी पावणेसहाला वाजवू लागले. स्क्रग्जच्या बँजोने पुढे जगभर चाहते मिळवले, पण त्याआधी त्याने दक्षिणेतल्या स्वयंपाकघरांत सकाळची भाकरी भाजली जाताना पीठ विकलं. त्या काळचे ते पोस्टकार्डाएवढे फोटो, कोपरे दुमडलेले, मागे सही केलेले, मला प्रदर्शनातल्या मोठ्या चौकटींपेक्षा जवळचे वाटतात. त्यांवर पेट्रोलचा खर्च निघालेला आहे.

छायाचित्र काय लपवतं, ते कार्टर फॅमिलीच्या बाबतीत कळतं. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची मावसबहीण मेबेल, व्हर्जिनियाच्या पुअर व्हॅलीतले. १९३८ ते १९४२ या काळात हिवाळ्यात ते टेक्सासच्या सीमेवर जाऊन गात. पलीकडे मेक्सिकोच्या व्हिया अकुन्या गावात डॉ. जॉन ब्रिंक्ली याने प्रचंड ताकदीचं केंद्र उभारलं होतं. पुरुषांच्या शरीरात बोकडाच्या ग्रंथी बसवण्याचा उद्योग करणाऱ्या या ब्रिंक्लीचा कॅन्ससमधला परवाना गेला, म्हणून तो सीमेपलीकडे गेला. तिथे अमेरिकेची ५० हजार वॉटची मर्यादा लागू नव्हती. त्याच्या औषधांच्या जाहिरातींच्या मधून कार्टरांचा आवाज अर्ध्या खंडावर पसरला. श्रोत्यांच्या दृष्टीने ते एक आदर्श कुटुंब होतं. वास्तवात सारा आणि ए. पी. यांचा १९३६ मध्ये घटस्फोट झाला होता, आणि १९३९ मध्ये साराने ए. पी.च्याच मामेभावाशी लग्न केलं होतं. तरी दोघं एकाच मायक्रोफोनपुढे उभे राहात आणि फोटोतही एकत्र बसत. १९४१च्या अखेरीस ‘लाइफ’ साप्ताहिकाने एरिक शाल या छायाचित्रकाराला पुअर व्हॅलीत पाठवलं. त्याने घरं, डोंगर, मुलंबाळं, सगळं मनापासून टिपलं. तेवढ्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि कार्टरांची पानं युद्धाच्या बातम्यांखाली गेली. १९४३ मध्ये ताफाच मोडला. साप्ताहिकात न छापलेली ती चित्रं आज त्या कुटुंबाचा सगळ्यात सुंदर दस्तऐवज आहेत. साराच्या चेहऱ्यावर त्यांत जो अलिप्तपणा आहे, तो केंद्राच्या कुठल्याही प्रसिद्धीचित्रात दिसत नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो माणूस. डीफर्ड बेली, जन्म १८९९, टेनेसीतलाच. लहानपणी पोलिओ झाला, उंची पाच फुटांच्या आतच राहिली. आगगाडी ऐकत ऐकत तो माउथ ऑर्गन शिकला. ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ या त्याच्या वादनात इंजिनाचा श्वास, पुलाखालून जाताना बदलणारा आवाज आणि लांबवर विरणारी शिट्टी, सगळं एका मूठभर वाद्यातून निघतं. १९२७ च्या त्या रात्री हेने कार्यक्रमाला नवं नाव दिलं तेव्हा त्याच्या आगेमागे बेलीच वाजत होता. त्याला ऑप्रीवर आणण्यात डॉ. बेट यांचा आग्रह होता. १९२८ मध्ये ऑप्रीच्या बावन्न कार्यक्रमांपैकी एकोणपन्नासांत तो होता. इतक्या वेळा दुसरं कोणीच नव्हतं. आणि तो कृष्णवर्णीय होता.

रेडिओवर रंग दिसत नाही. म्हणून हजारो गोऱ्या घरांत त्याची आगगाडी बिनदिक्कत धावली. बाहेर मात्र वर्णभेदाचे कायदे होते. रॉय अ‍ॅकफ आणि बिल मन्रो यांच्यासारख्या गायकांबरोबर तो गावोगाव जायचा. सुरुवातीच्या दिवसांत लोक बेलीला ऐकायला येत, माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, असं पुढे अ‍ॅकफनेच मान्य केलं. पण मुक्कामाच्या गावी हॉटेलात बेलीला जागा नसे, खाणावळीत बसू देत नसत. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घर शोधावं लागे.

आणि त्याची छायाचित्रं पाहा. पदवीधर डॉक्टर ओव्हरऑल घालून शेतात उभे आहेत, घड्याळजी ‘क्लॉडहॉपर’ झाले आहेत, आणि ज्याच्याकडे या सगळ्यांत कमी पैसा, कमी अधिकार, तो बेली कडक इस्त्रीच्या सुटात आहे. टाय, हॅट, चकचकीत बूट, तोंडाशी माउथ ऑर्गन आणि आवाज मोठा करण्यासाठी त्यापुढे धरलेला कर्णा. गोऱ्या माणसाला गरिबीचं सोंग घेण्याची चैन परवडत होती, कारण फोटो संपला की कपडे बदलता येत. बेलीला ते परवडणारं नव्हतं. ओव्हरऑल घातलेल्या कृष्णवर्णीय माणसाला त्या काळच्या टेनेसीत कोणी कलावंत म्हणून पाहिलं नसतं. त्याचा सूट हा त्याने निवडलेला पोशाख होता, आणि त्या सबंध काळातल्या छायाचित्रांत इतका निर्धाराने निवडलेला पोशाख मला दुसरा दिसत नाही.

१९४१ मध्ये त्याला काढून टाकलं गेलं. गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ केंद्रं आणि संगीतकारांची संस्था यांच्यात तेव्हा भांडण पेटलं होतं. जुन्या नोंदणीकृत चाली हवेवर वाजवायला बंदी आली आणि बेलीच्या गाजलेल्या चाली त्यात अडकल्या. १९४५ मध्ये हेने ऑप्रीवर लिहिलेल्या पुस्तिकेत कारण वेगळंच दिलं: हा आळशी होता, नवं शिकायला तयार नव्हता. बेलीचं म्हणणं होतं की पंधरा वर्षं मला तेच वाजव म्हणून सांगितलं गेलं. मला बेलीचं पटतं. ज्या माणसाने जॉर्ज हेच्या कार्यक्रमाला नव्या नावाच्या पहिल्या रात्रीपासून वैभव दिलं, त्याला हेने अशा दोन वाक्यांत निकालात काढावं, हा त्या सगळ्या इतिहासातला मोठा अन्याय आहे. बेलीने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान टाकलं आणि त्यावर संसार चालवला.

तोवर ऑप्री राष्ट्रीय झाली होती. १९३९ पासून तिचा अर्धा तास एनबीसी नेटवर्कवरून जाऊ लागला. १९४० मध्ये सेरा कॉली नावाची, वॉर्ड-बेल्मॉन्टसारख्या खानदानी कॉलेजात नाट्य शिकलेली तरुणी मिनी पर्ल बनून आली. फुलाफुलांची टोपी आणि त्या टोपीवरून लोंबणारी १ डॉलर ९८ सेंटची किमतीची चिठ्ठी. तिच्या बाबतीत मात्र सोंगाची लगाम तिच्याच हातात होती. तिने ते रचलं, वाढवलं आणि त्यातली माया सांभाळली. १९४३ मध्ये कार्यक्रम राइमन ऑडिटोरियममध्ये गेला. १८९२ साली धर्मप्रवचनांसाठी बांधलेलं हे सभागृह, लाकडी बाकांचं, उन्हाळ्यात भट्टी होणारं. ११ जून १९४९ रोजी हँक विल्यम्स तिथे पहिल्यांदा गायला आणि लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा परत बोलावलं. तीन वर्षांनी दारूपायी ऑप्रीने त्याला काढलं, आणि १९५३च्या पहिल्या दिवशी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मोटारीच्या मागच्या सीटवर तो मेलेला आढळला. त्याच्या फोटोंत ओव्हरऑल नाहीत. पांढरा सूट, त्यावर भरतकाम केलेले सूर. हॉलिवूडकडच्या नूडी कोन या युक्रेनमधून आलेल्या शिंप्याने या पिढीला चमचम चढवली, गायक पोर्टर वॅगनरच्या कोटावर बैलगाडीची चाकं भरली. शेतातून वर आलेल्या मुलांना शेताचं सोंग नको होतं. रेडिओवर एकही टिकली दिसणार नव्हती, तरी त्यांनी ते कपडे शिवून घेतले.

१९६० मध्ये नॅशनल लाइफने लेस लेव्हरेट या छायाचित्रकाराला नोकरीवर घेतलं आणि १९९२ पर्यंत तो ऑप्रीचा अधिकृत छायाचित्रकार राहिला. गायिका पॅट्सी क्लाइन त्याच वर्षी ऑप्रीची सदस्य झाली आणि १९६३ मध्ये विमान अपघातात गेली. तिच्या त्या तीन वर्षांवर त्याचा कॅमेरा होता. राइमनच्या रंगमंचामागे धड कपडे बदलायच्या खोल्या नव्हत्या. सगळे एकाच अरुंद जागेत वाद्यं जुळवत, सिगरेट ओढत, एकमेकांना चिमटे काढत उभे असत. लेव्हरेट त्यांच्यातलाच झाला होता, म्हणून त्याच्या चित्रांत पोज सुटते. माणूस मायक्रोफोनपासून चार पावलं दूर आल्यावर कसा दिसतो, ते तिथे पाहायला मिळतं.

पण रेडिओ स्वतः आतून बदलत चालला होता. रॉक अँड रोलने तरुण श्रोते नेले, टीव्हीने शनिवारची रात्र नेली. १९६० मध्ये डब्ल्यूएलएस रॉककडे वळलं. गंमत अशी की पूर्णवेळ कंट्री वाजवणारी केंद्रं मात्र वाढली: १९६१ मध्ये ८१, १९६९ मध्ये ६०६. फक्त तिथे आता गायक येत नव्हता, तबकडी येत होती. पहाटे पाचला स्टुडिओत जायचं कारण संपलं आणि त्याबरोबर पोस्टकार्डाएवढा फोटो विकण्याचा धंदाही. १५ मार्च १९७४ रोजी ऑप्रीचा राइमनमधला शेवटचा खेळ झाला. दुसऱ्या दिवशी नव्या ऑप्री हाउसच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष निक्सन आले. जुन्या रंगमंचाच्या ओक लाकडाचं एक वर्तुळ कापून नव्या रंगमंचात बसवलं होतं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, डीफर्ड बेलीने त्या नव्या रंगमंचावर वाजवलं. बर्ट रेनल्ड्सच्या चित्रपटात भूमिकेसाठी बोलावणं आलं होतं ते त्याने नाकारलं. कुठे जायचं आणि कसं दिसायचं, हे तो अजूनही स्वतःच ठरवत होता. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २००५ साली लागलं.

याच सत्तरच्या दशकात हेन्री होरेनस्टीन हा तरुण बोस्टनहून नॅशव्हिलला खेपा घालत होता. तो आधी इतिहासाचा विद्यार्थी, मग हॅरी कॅलहन आणि आरन सिस्किंड यांच्याकडे छायाचित्रण शिकलेला. एक जग संपत आलं आहे हे त्याला कळलं होतं. १९७२ ते १९८१ या काळातली त्याची कृष्णधवल चित्रं ‘हॉन्की टॉन्क’ नावाने पुस्तकरूपात आली आणि वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शनही मांडलं गेलं. त्याने गायक टिपले, पण त्याहून जास्त आस्थेने श्रोते टिपले: राइमनच्या गल्लीला लागून असलेल्या टूट्सीज ऑर्किड लाउंजमधले म्हातारे, बोस्टनच्या हिलबिली रँचमध्ये नाचणारे नाविक आणि त्यांच्या मैत्रिणी, आपला सगळ्यात चांगला ड्रेस घालून आलेल्या बायका. यांना कोणी वेष चढवलेला नाही. त्याआधीच्या दहा वर्षांत बाल्टिमोरच्या लिऑन कगरीज या ध्वनिमुद्रणाच्या वेड्या माणसाने मेरिलंड-पेनसिल्व्हेनियातल्या उघड्यावरच्या जलशांना जाऊन रंगीत स्लाइड काढल्या होत्या. नूडीच्या कोटांचे खरे रंग त्यांत आहेत, आणि फळकुटांच्या बाकांवर पोरं मांडीवर घेऊन बसलेली कुटुंबंही.

कगरीज एकटा नव्हता. ऑप्रीत गाणं चालू असताना प्रेक्षकांनी उठून रंगमंचापाशी जायचं, गायकाचा फोटो काढायचा आणि परत जागेवर येऊन बसायचं, अशी रीतच होती. कोणी अडवत नसे. शेकडो मैल मोटार चालवून लोक आले होते, आणि वर्षानुवर्षं ऐकलेल्या आवाजाचं चित्र स्वतःच्या कॅमेऱ्यात घेऊन जात होते. अशा हजारो चित्रांत फोकस चुकलेला आहे, फ्लॅशने चेहरा पांढरा पडला आहे, कोपऱ्यात दुसऱ्याच कोणाची टोपी आली आहे. केंद्राने त्यांतलं काहीच ठरवलं नव्हतं. ती टेनेसी, अलाबामा, केंटकीतल्या घरांच्या अल्बममध्ये, लग्नाच्या आणि बारशाच्या फोटोंशेजारी चिकटवलेली आहेत. पुढच्या प्रदर्शनाच्या भिंतीवर ती लागायला हवीत, ती काढणाऱ्यांच्या नावांसह.